बाबांचा ऑर्गन, मेस्तांची गिटार आणि सी नाइन

परवा इथे बडोद्याच्या एका घरातल्या जुन्या पायपेटीचा फोटो पाहिला आणि आमच्या घरातला ऑर्गन आठवला. त्याचा फोटो माझ्याकडे नाही, पण गोष्ट आहे. जरा लांबेल. मध्ये थोडं संगीताचं व्याकरणही येईल. ते टाळता येत नाही, कारण आमचं बिनसलं ते त्याच्यावरूनच.

आम्ही मडगावचे. घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी, देवापुढे आरत्या मराठी आणि जत्रेत नाटक मराठी. बाहेरच्यांना हे समजावताना दमछाक होते, इथल्या मंडळींना सांगायला नको. (बाबांशी माझं बोलणं अर्थातच कोंकणीत व्हायचं, इथे मराठीत लिहितोय.) बाबा कचेरीत कारकून, पण गावोगावी त्यांची ओळख ऑर्गनवाले हीच. जत्रांचा मोसम लागला की आठवड्यातून दोन-तीन रात्री त्यांना कुठल्या ना कुठल्या देवळाच्या मांडवात बोलावणं असायचं. गावातलेच शिक्षक, पोस्टमन, दुकानदार तोंडाला रंग लावून संगीत नाटक उभं करायचे, आणि त्या सगळ्यांचा सूर सांभाळायचं काम बाबांचं. सांभाळायचं म्हणजे अक्षरशः. नट घाबरला की त्याचा षड्ज पहिला पळतो. बाबा दोन्ही पायांनी भाता मारत डाव्या हाताने सा आणि प धरून ठेवायचे आणि उजव्या हाताने त्याला बोटाला धरून परत आणायचे.

मी लहानपणापासून त्यांच्या बाकड्यावर डाव्या बाजूला बसायचो. पानं उलटायला नव्हे, पानं नव्हतीच. नुसता बसायला. दहाव्या वर्षी पेटीवर हात बसला, पंधराव्या वर्षी साथ करू लागलो.

सतराव्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, गिटार घेतली.

आमच्या घरामागे मेस्त राहायचे. चर्चच्या शाळेत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवणाऱ्याला गोव्यात मेस्त म्हणतात. मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याच्या वादकांचं काय स्थान होतं ते तुम्हाला माहीत आहेच: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. आमचे मेस्त एवढे मोठे नव्हते. मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये होते, मग काही वर्षं बोटीवर, मग परत येऊन पोरांना शिकवत बसले. संध्याकाळी व्हरांड्यात एकटेच गिटार वाजवायचे. आमच्या विहिरीवर उभं राहिलं की ऐकू यायचं. सिनेमातल्या गाण्यासारखं वाटायचं, पण त्यात काहीतरी जास्तीचं होतं, सोलकढीत नारळाचा पहिला रस जास्त पडावा तसं. ते जास्तीचं काय, हे विचारायला मी कुंपण ओलांडलं.

ते होतं नाइन्थ.

आता व्याकरण. पेटीवाल्यांसाठी सोपं करून सांगतो. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरा. सा-ग-प एकत्र दाबलं की सी मेजर. त्यावर कोमल नी ठेवला, म्हणजे काळी पाच, की सी सेव्हन. हिलाच डॉमिनंट म्हणतात. इथवर सगळ्यांना येतं. पुढे एक सूर सोडून एक असं वर चढत राहायचं. तार सप्तकातला रे घातला की नाइन, त्यावर म घातला की इलेव्हन, त्यावर ध घातला की थर्टीन. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरायचं नाही, त्यातून सात वजा करायचे. नऊ वजा सात दोन, म्हणजे रे. अकरा म्हणजे चार, म. तेरा म्हणजे सहा, ध. पंधरा नसतोच, कारण तिथे पुन्हा सा येतो. गच्चीपर्यंत पोचलात, आता आणखी जिना नाही.

मी विचारलं होतं, मग रेला दोन का म्हणत नाहीत, नऊ कशाला? मेस्तांनी आधी कोमल नीशिवाय वाजवून दाखवलं, मग कोमल नीसकट. नी नसेल तर तो रे नुसता दागिना, त्याला ऍड नाइन म्हणतात. नी असेल तर तो जिन्याची पुढची पायरी. तसंच ध चं. कोमल नी नाही तर सी सिक्स, आहे तर सी थर्टीन. सगळा खेळ त्या काळ्या पाचवर. आणि नुसतं सी नाइन लिहिलेलं असलं की नी कोमलच समजायचा. शुद्ध नी हवा तर मेजर नाइन असं वेगळं लिहितात, आणि ती कॉर्ड स्वभावाने अगदीच निराळी, कुठे जायची घाई नसलेली.

मी घरी येऊन पेटीवर सगळे सूर मांडले तेव्हा अंगावर काटा आला. सा ग प कोमल नी रे म ध. हा तर अख्खा खमाज थाट. आपण जो एकामागून एक वाजवतो तो ह्या लोकांनी उभा रचला होता.

दुसऱ्या दिवशी धावत मेस्तांकडे. ते हसले आणि म्हणाले, "सात सूर जाले. तुजीं बोटां कितलीं?" गिटारच्या गळ्यावर बोटं चारच. मग त्यांनी शिकवलं की सगळं वाजवायचं नसतं. पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात मधलं बोट, हा सा. चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात पहिलं बोट, ग. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात अनामिका आडवी टाकायची, कोमल नी आणि रे एकदम. झाली सी नाइन. करंगळी मोकळी राहते, ती पहिल्या तारेवर पाचव्या पडद्यात ठेवली की ध मिळतो, झाली सी थर्टीन. ह्यात पंचम कुठेच नाही. मला ते पटेना. पंचमाशिवाय षड्ज म्हणजे नवऱ्याशिवाय सत्यनारायण. मेस्त म्हणाले, पंचमाने कॉर्डचा स्वभाव बदलत नाही, तो नुसता भिंतीला टेकून उभा असतो. ठेवायचे ते ग आणि कोमल नी. बाकी जागा असेल तर.

आणि तो अकरावा, शुद्ध म, तो तर बहुतेक वेळा गाळायचाच. ग च्या डोक्यावर शुद्ध म ठेवा आणि ऐका, दातात वाळूचा खडा आल्यासारखं होतं. एक तर ग काढायचा, नाहीतर म तीव्र करायचा. शुद्ध ग, तीव्र म आणि कोमल नी म्हणजे कर्नाटकी वाचस्पती. हे मेस्तांना ठाऊक नव्हतं, मी सांगितलं, आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग आमचा तो छंदच झाला. ते कॉर्ड वाजवायचे, मी राग सांगायचो. नववा कोमल केला आणि तेरावा शुद्ध ठेवला, कोमल रे, शुद्ध ध, तर अहिर भैरवचे सूर. नववा शुद्ध, तेरावा कोमल, तर चारुकेशी. दोन्ही कोमल, तर बसंत मुखारी. सूर तेच हो, राग नव्हे, जाणकारांनी रागावू नये. चलन नाही, वादी-संवादी नाही, नुसते सूर. पण अठरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. मला वाटलं बाबांचं घर आणि मेस्तांचं घर ह्यांच्या मधलं कुंपण मी एकट्याने काढून टाकलं.

बाबांना हे आवडत नव्हतं. बोलून दाखवत नसत. एकदाच म्हणाले, "एवढे सूर एकदम दाबलेस तर ऐकणार कुठला?"

१९८६ ची जत्रा. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं, सुजून हे एवढं. नाटक त्याच रात्री. दुसरा ऑर्गनवाला मिळेना. बाबा म्हणाले, तू बस. ते स्वतः विंगेत खुर्ची टाकून बसले, बोटाला पट्टी.

पहिला अंक नीट झाला. दुसऱ्या अंकात नायकाचं खमाज अंगाचं पद. नायक म्हणजे शेजारच्या गावचे प्राथमिक शिक्षक. आवाज जरा खालचा, पट्टी पांढरी एक. म्हणजे माझी सी. मुखडा रंगला, लोक डोलायला लागले, आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. मुखड्याच्या शेवटी त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात मी डाव्या हाताने खालचा सा आणि कोमल नी, उजव्याने ग, वरचा रे, वरचा ध अशी पूर्ण थर्टीन लावली. ऑर्गनवर ती काय भरते म्हणून सांगू. मांडवाचे खांब वाजल्यासारखे वाटले. तिथेच थांबलो असतो तर कदाचित निभावलंही असतं. पण हात आपोआप पुढे गेला आणि मी खालचा म धरला. सी वरून एफ. मेस्तांच्या व्हरांड्यात शंभर वेळा वाजवलेलं.

मास्तरांनी अंतरा उचलला तो म ला सा समजून.

एका क्षणात नाही कळत. पहिली ओळ गेली. तबला आपला सा बोलतोय, मास्तर चार सूर वर चढून बसलेत, आणि मी गोंधळून दोन्हीकडे धावतोय. अंतऱ्यात तार षड्जाकडे जायची वेळ आली तेव्हा तो त्यांच्या आवाजाच्या बाहेर गेलेला होता. आवाज फाटला. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाबा विंगेतून कधी आले मला कळलं नाही. कोपराने माझे दोन्ही हात बाजूला सारले आणि डाव्या हाताने सा-प धरले, बस, दुसरं काही नाही. भाता माझेच पाय मारत होते. दोन आवर्तनं नुसता सा-प. मास्तर परत आले, पद पुरं केलं, टाळ्याही मिळाल्या, पण त्या सुटल्याच्या टाळ्या होत्या.

रंगपटात मास्तर मला एवढंच म्हणाले, "बाबू, तू मला दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडलंस रे." रागावले नव्हते. त्यामुळेच जास्त लागलं. बाबा काहीच बोलले नाहीत. स्कूटरवरून घरी येईपर्यंत नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ऑर्गनचं झाकण लावलं आणि त्यानंतर मला कधी बाकड्यावर बस म्हणाले नाहीत. भांडण झालं असतं तर मिटलं असतं.

मेस्तांना सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग गिटार घेतली आणि म्हणाले, तू तोंडाने सा धर, सोडू नकोस. मी सा लावला. त्यांनी सी नाइन वाजवली, मग एफ. मी सा वरच होतो, सूर तसूभर हलला नव्हता, पण तो आता सा वाटतच नव्हता. तो पंचम झाला होता. माझ्या पायाखालची जमीन तीच, गाव बदललेलं.

त्यांनी कारण दाखवलं. ग आणि कोमल नी ह्यांच्यात सहा पट्ट्यांचं अंतर, बारा पट्ट्यांच्या सप्तकाच्या बरोबर निम्मं. हे दोन सूर एकत्र वाजले की एकमेकांना ढकलतात. ग ला अर्धा सूर वर म कडे जायचं असतं, कोमल नी ला अर्धा सूर खाली ध कडे. दोघे गेले की म आणि ध उरतात, म्हणजे नव्या घराचे सा आणि ग. आपले लोक षड्जचालन करतात ते समजून उमजून, सांगून सवरून. ही कॉर्ड ते न सांगता करते, ऐकणाऱ्याच्या कानात. तंबोरा चालू असेल तर खमाजातला तोच कोमल नी निवांत नांदतो, कारण तंबोरा सा ला हलूच देत नाही. तंबोऱ्याचं काम त्या रात्री मी करायचं होतं.

आणि वर चढवलेले ते रे आणि ध? मेस्त म्हणाले, ते ह्या ओढीला गोड करतात. नुसती सेव्हन रस्ता दाखवते, थर्टीन दरवाजापर्यंत सोडायला येते.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, तीही नोंदवून ठेवतो. त्या कॉर्डने ज्या घरी जायचं त्या घरीच पुन्हा कोमल नी लावून ठेवला तर? तर तेही घर राहत नाही, तेही पुढच्याकडे बोट दाखवतं. गर्श्विनच्या १९३० सालच्या 'आय गॉट रिदम'चा मधला भाग असाच आहे. बी फ्लॅटमध्ये वाजवलं तर डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन, प्रत्येकी दोन बार, आणि मग एकदाचं घर. उधारी फेडायला नवी उधारी, तशातली गत. ह्या साखळीलाही इंग्रजीत एक्स्टेंडेड डॉमिनंटच म्हणतात, आणि नाइन-थर्टीनलाही तेच नाव. मी वैतागलो. मेस्त म्हणाले, "एक वयर वाडटा, दुसरो मुखार." जॅझवाल्यांनी ह्या आठ बारवर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. मला मात्र ती साखळी ऐकली की स्कूटरवरचा तो परतीचा रस्ता आठवतो. वळणामागून वळण, आणि कुणी बोलत नाही.

पुढचं भरभर सांगतो. बँकेत लागलो, लग्न झालं, बदल्या झाल्या, परत मडगावात आलो. गिटार वाजवत राहिलो, लग्नाच्या रिसेप्शनात, मित्रांच्या बैठकीत. मेस्त गेले. त्यांची ती वही त्यांच्या मुलीने मला दिली, वाचस्पतीसकट. ऑर्गनला वाळवी लागली तेव्हा बाबांनी तो देऊन टाकला, मला विचारलं नाही. हातपेटी राहिली. घरी बोलणं सगळं व्हायचं, भाजीपासून राजकारणापर्यंत. गाण्याचं नाही.

२००७ मध्ये बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. जीभ वाचली, उजवा हात वाचला, पण पेटीचा भाता डाव्या हाताने मारायचा असतो. पेटी पलंगाखाली गेली. पुढच्या वर्षी एका दुपारी त्यांनी ती वर काढायला सांगितली आणि मला म्हणाले, तू भाता मार.

मी समोर बसलो आणि भाता मारला. उजव्या हाताने त्यांनी थोडं भीमपलास वाजवलं, थोडं जुनं पद. बोटं पूर्वीसारखी नव्हती. मग थांबले.

"त्या दिवशी काय वाजवलं होतंस? दाखव."

कुठल्या दिवशी हे मी विचारलं नाही. बावीस वर्षं झाली होती. मी उलट्या बाजूला बसलेलो, एक हात भात्यावर, मोकळा हात वाकडा करून सा ग प कोमल नी एवढंच जमलं. रे पर्यंत बोट पोचेना. बाबांनी तो आपल्या बोटाने दाबला. दोघांच्या मिळून पाच सुरांची नाइन्थ झाली. ते मान तिरकी करून ऐकत राहिले, नट घाबरलाय का ते ऐकायचे तसे. मग त्यांनी दुसऱ्या बोटाने माझं पंचमावरचं बोट उचलून बाजूला केलं.

"हा कशाला? हा नुसता गर्दी करतो."

मेस्तांशी ते ह्या विषयावर जन्मात बोलले नव्हते. मी काही म्हटलं नाही. भाता मारत राहिलो.

ते त्या सुरांवर बारीक आवाजात गुणगुणले, खमाजचाच तुकडा, त्याच पदातला. आवाज थरथरत होता पण सा कुठे गेला नाही. माझं मोकळं झालेलं बोट सवयीने म कडे सरकलं असावं, कारण ते डोळे न उघडता म्हणाले, "तो म लावू नकोस आता."

नाही लावला. नाइन्थ तशीच धरून बसलो, दोघांची बोटं पट्ट्यांवर. भाता कमी झाला की मी पुन्हा मारायचो. आतून आईने विचारलं, "काय हो, पेटीचा सूर अडकला काय?"

"हो," बाबा म्हणाले. "असू दे."